पोटभाडेकरू आणि लेखी संमति

मुंबईसारख्या शहरांत जागा मिळणें दुर्घट झालें, तेव्हांपासून भाडेकरूनें आपली खोली किंवा तिचा कांहीं भाग परक्यास भाड्यानें देण्याची रीत पडली. मालक व भाडेकरू यांच्यामधील पुष्कळ कज्जे यांतूनच उद्भवतात.

१८८२ च्या मिळकत हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें, विरुद्ध करार नसल्यास, भाडेकरूस पोटभाडेकरू ठेवण्याची मोकळीक असते. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानें हा नियम उलटा केला. करारांत मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवणें बेकायदा, आणि जागा खाली करून मागण्यास तें पुरेसें कारण ठरलें. २००० सालीं अमलांत आलेल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यांतही हेंच धोरण आहे.

परंतु घरीं भाचा शिकावयास राहिला, म्हणजे पोटभाडेकरू ठेविला असें होत नाहीं. भाडेकरूनें आपला ताबा सोडून तो सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं दिला काय, हें न्यायालय पाहतें. परक्याचा असा स्वतंत्र ताबा मालकानें दाखविला, कीं खुलासा करण्याचें ओझें भाडेकरूवर येतें. तोंडी परवानगी दगा देते ती येथेंच. मालकानें जिन्यांत “ठेवा कीं” म्हटलें असेल. पण तो वारल्यावर त्याच्या वारसांनीं तें कां मानावें?

खरी हानि होते ती तिसऱ्याचीच. दरमहा चोख भाडें देणाऱ्या पोटभाडेकरूलाही, मूळ भाडेकरूविरुद्ध हुकूमनामा झाला म्हणजे, मुलांबाळांसह बिऱ्हाड हलवावें लागतें. म्हणून सामान आणण्यापूर्वींच त्यानें मालकाच्या सहीचा कागद पाहण्यास मागावा. कोणती जागा, कोणास व किती मुदतीसाठीं, हें त्यांत स्पष्ट असावें.