आकडा लिहिण्याआधी हृदय दिसले पाहिजे

दम लागणे, पायांवर सूज येणे, रात्री उताणे झोपता न येणे अशा तक्रारी घेऊन जव्हार-मोखाड्यातील रुग्ण टू-डी इकोच्या खोलीपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या अहवालात सर्वाधिक महत्त्व एका टक्केवारीला असते आणि पुढील उपचारांची दिशा बहुतांशी तीच ठरवते. ज्या चित्रावरून ही टक्केवारी काढली जाते ते स्पष्ट नसेल, तर अंदाजाने आकडा लिहू नये आणि चित्र स्पष्ट करण्याचा उपाय त्याच तपासणीत योजावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा आग्रह आहे.

हृदयाचे कप्पे आणि झडपा शालेय पुस्तकांमुळे सर्वांना परिचित असल्याने त्यांच्या वर्णनात वेळ घालवण्याचे कारण नाही. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. बोलण्यात त्यालाच ‘पंपिंग’ म्हटले जाते. जवनिकेत 150 मिलिलिटर रक्त भरले आणि आकुंचनानंतर 100 उरले, तर पंपिंग सुमारे 33 टक्के होते; परंतु आतील कड नीट न दिसल्यामुळे उरलेले रक्त 90 मोजले गेले, तर तेच हृदय 40 टक्क्यांचे ठरते. औषधोपचार पुरेसा काळ घेऊनही पंपिंग 35 टक्के किंवा त्याहून कमी राहिले, तर घातक अनियमित ठोके रोखणारे आयसीडी हे यंत्र बसवण्याचा विचार केला जातो, त्यामुळे दोन चहाच्या चमच्यांएवढ्या रक्ताची ही चूक रुग्णाला त्या मर्यादेच्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवू शकते.

कड न दिसण्याची कारणे या भागात घरोघरी आहेत. इको ज्या ध्वनिलहरींवर चालते, त्या हवेतून नीट पुढे जात नाहीत. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रीची किंवा विडी ओढणाऱ्या पुरुषाची फुप्फुसे दीर्घकालीन श्वसनविकाराने फुगली, की ती हृदयाच्या पुढे येतात आणि पडद्यावर करड्या धूसरतेखेरीज फारसे काही उमटत नाही. क्षयाच्या व्रणांमुळे हृदय जागचे सरकलेले असणे किंवा दम लागत असल्यामुळे रुग्णाला डाव्या कुशीवर पडून राहता न येणे, ही कारणेही त्यात भर घालतात.

या अडचणीवरील उपाय कसा सापडला, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. 1953 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे हृदयवैद्य आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी धातूतील भेगा शोधण्यासाठी जहाजबांधणी कारखान्यात वापरले जाणारे यंत्र हृदयाकडे वळवले, आणि त्यामागे एड्लर यांचा मुख्य हेतू शस्त्रक्रियेपूर्वी आकुंचित झालेली मिट्रल झडप तपासण्याचा होता. ही झडप बहुधा संधिवाती तापाने आकुंचित होते, आणि दाटीच्या घरांत, घशाच्या संसर्गावर वेळेवर उपचार न मिळणाऱ्या वस्त्यांत तो ताप अधिक आढळतो, त्यामुळे पाड्यांवर काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीला या शोधामागची निकड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पुढे 1968 मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शाह यांनी, रक्तप्रवाहात इंडोसायनिन ग्रीन हा रंग सोडताच पडद्यावर प्रतिध्वनींचा दाट ढग उमटतो, हे नोंदवले. तो ढग रंगामुळे नव्हे, तर द्रावणासोबत गेलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे उमटत होता, हे नंतर स्पष्ट झाले. सलाईन आणि थोडी हवा दोन सिरिंजांतून घुसळून केलेले बुडबुडे आजही हृदयाच्या पडद्यातील छिद्र शोधण्यासाठी वापरतात, परंतु ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून विरतात आणि डाव्या जवनिकेपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून रक्तात सहज न विरघळणारा जड वायू मेदाच्या किंवा प्रथिनाच्या पातळ कवचात बंद करून तांबड्या पेशीहून लहान, काही मायक्रॉनचे बुडबुडे तयार करण्यात आले. शिरेतून दिलेले हे बुडबुडे फुप्फुसे ओलांडतात, ध्वनिलहरींच्या दाबाने आकुंचन-प्रसरण पावतात आणि काळ्या दिसणाऱ्या जवनिकेला पांढऱ्या रंगाने भरून तिची कड उठावदार करतात; यंत्राची ध्वनिशक्ती मात्र कमी ठेवावी लागते, अन्यथा ते फुटून जातात.

येथे मागील रांगेतून ‘मग काळजाला फेस येतो का?’ असा प्रश्न आला आणि हशा पिकला, तरी त्यामागील शंका रास्त आहे, कारण शिरेत हवा गेल्यास माणूस दगावतो हे सर्वांनी ऐकलेले असते. धोका मोठ्या प्रमाणातील हवेचा असतो. बुडबुड्यांच्या या द्रव्यातील वायूचे प्रमाण अत्यल्प असते आणि तो काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. त्यात आयोडीन नसल्याने मूत्रपिंडांवर भार येत नाही आणि तपासणीत क्ष-किरणही नसतात. सभागृहातील डॉक्टर अमेरिकेतील इशाऱ्याची आठवण देतील, आणि ती आठवण खरीच आहे: 2007 मध्ये तेथील औषध प्रशासनाने कडक इशारा दिला होता, परंतु 2008 मध्ये तो सौम्य करण्यात आला आणि हजारो रुग्णांच्या नोंदींत मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, म्हणून ॲड्रेनॅलिन आणि प्रशिक्षित परिचारिका जवळ असल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी व्यासपीठावर आली असल्याने बुडबुड्यांवरून हृदयस्नायूचा रक्तपुरवठा आणि जवनिकेच्या टोकाची गुठळी कशी ओळखतात, तो भाग सोडून मुख्य मुद्द्याकडे येणे भाग आहे. जवनिकेच्या भिंतीचे लगतचे दोन किंवा अधिक भाग नीट दिसत नसतील तर हे द्रव्य वापरावे, ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातील मान्य कसोटी आहे. मोठ्या शहरांत ती न पाळल्यास रुग्ण पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ शकतो. मोखाड्याहून नाशिक किंवा ठाण्याला गेलेल्या रुग्णासोबत मात्र घरातील दुसऱ्या माणसाचीही मजुरी बुडालेली असते, आणि भाताची झोडणी उरकून दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला गेले, की पुन्हा तपासणीची तारीख कागदावरच राहते. शहरात जी कसोटी सोय ठरते, ती या दोन तालुक्यांसाठी गरज ठरते, हे त्यामुळे ठामपणे सांगितले पाहिजे.

हे द्रव्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावे, अशी ही मागणी नाही. या तालुक्यांतील रुग्णाचा पहिला इको ज्या रुग्णालयात होतो, तेथे कमी शक्तीवर काम करणारी यंत्राची व्यवस्था, हे द्रव्य आणि ते वापरू शकणारा तंत्रज्ञ असावा; आणि तशी सोय होईपर्यंत हृदयाचा कोणता भाग दिसला नाही, हे अहवालात आकड्याच्या शेजारी स्पष्ट लिहिले जावे. दुसऱ्या मागणीला पैसा लागत नाही, त्यामुळे तिची अंमलबजावणी उद्याच्या पहिल्या रुग्णापासून व्हावी.