प्रश्न विद्यार्थ्याचा, प्रयोगशाळा गावाची
(कनेरगाव नाका येथे माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कनेरगाव नाका हे मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवरील गाव. पाठ्यपुस्तक आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यामध्येही असाच एक नाका उभा आहे. तो कसा ओलांडावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आकारास आलेल्या अभ्यासक्रमात ८ वी ते १० वीचे विद्यार्थी आठवड्यातून १ दिवस स्वतःच्या हातांनी काम करतात. वेल्डिंग, वीजजोडणी, माती-पाण्याची तपासणी, पशुपालन ही कामे गावाच्या उपयोगी पडावीत आणि त्यांच्या खर्चाचा हिशेब विद्यार्थ्यानेच मांडावा, अशी त्यामागील दृष्टी आहे.

१९९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठीही मुले स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प करतात. मात्र गुरुजींनी प्रकल्प करावा आणि विद्यार्थ्याने तो पाठ म्हणावा, असे झाल्यास सारेच व्यर्थ होय. प्रश्न तुमचा असावा. आपल्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्यास मोजा, वर्षभर नोंद ठेवा. अंदाज चुकला तर तेही लिहा. सुटीत पंपदुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करा.

आपल्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मान्यता दिली. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. तेथे उद्या पाहुणे म्हणून जावयाचे की मोजमाप करणारे म्हणून, हे तुमच्या आजच्या नोंदवहीवर अवलंबून आहे.