केमो शरीरात काय करते, आणि दहाव्या दिवशीचा ताप

आज केमोथेरपीबद्दल बोलूया. सिनेमात केमो म्हणजे टक्कल आणि उलटी, एवढंच दाखवतात. पण घरात कुणाची केमो चालू असेल तर त्यापेक्षा बरंच जास्त माहीत असावं लागतं. आणि घरातले सगळे रिपोर्ट बहुतेक वेळा तुमच्याच मोबाइलमध्ये असतात, म्हणून हे तुमच्याशी बोलतोय.

आधी औषध काय करतं ते बघू. कॅन्सरची पेशी थांबायचं नाव घेत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं चालूच. केमोची बरीचशी औषधं या दोन होण्याच्या कामातच खोडा घालतात. काही औषधं डीएनए बिघडवतात, काही डीएनएचा कच्चा माल तोडतात. आणि काही परांचीवर हल्ला करतात. परांची म्हणजे इमारतीला बांधतात ती बांबूंची. पेशी दुभागताना आतमध्ये बारीक नळ्यांची अशीच एक परांची उभी राहते, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेते, आणि काम झालं की सुटते.

आपल्या दारातली सदाफुली माहितीये ना? तिच्यात सापडलेलं विन्क्रिस्टिन ही परांची उभीच राहू देत नाही. पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे टॅक्सॉल, बरोबर उलटं करतं: उभी राहिलेली परांची सोडू देत नाही. दोन्हीकडे पेशी अडकते आणि मरते. (सदाफुलीची पानं चावून कॅन्सर बरा होतो असला फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. पानात हे द्रव्य अगदी नगण्य असतं आणि बाकीची विषारी द्रव्यं भरपूर.)

टॅक्सॉल शोधणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून हे द्रव्य वेगळं काढलं. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ते परांची सोडू देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं.

आता गोची अशी की औषधाला कॅन्सरची पेशी आणि आपली पेशी यांतला फरक नीट कळत नाही. पटापट वाढणारी पेशी दिसली की ते धरतं. केसांची मुळं, तोंडाच्या आतलं अस्तर, आतडं आणि हाडांमधला मगज, सगळीकडे पेशी भराभर तयार होत असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात, आणि उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात. सगळ्याच केमोत ते जात नाहीत. केस गेले नाहीत म्हणजे औषध लागू पडलं नाही, हाही गैरसमजच.

मळमळीचं गणित थोडं वेगळं. आतड्यातून सेरोटोनिन सुटतं, मज्जातंतू तो निरोप मेंदूपर्यंत नेतात आणि उलटी होते. ओंडान्सेट्रॉनसारख्या गोळ्या हा निरोपच अडवतात. म्हणून त्या उलटी व्हायच्या आधी घ्यायच्या असतात, सांगितलेल्या वेळेला. ‘बरं वाटतंय, कशाला गोळी’ म्हणून टाळायच्या नाहीत.

आणि टॅक्सॉलने बोटांना मुंग्या का येतात? मज्जातंतूच्या पेशी तर वाढत नसतात. पण त्यांच्यातही तशाच नळ्या असतात, पार पायाच्या बोटांपर्यंत माल पोचवणाऱ्या. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं व्हायला लागलं तर पुढच्या केमोआधी डॉक्टरांना सांगा. ते डोस कमी करू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी बनतात. त्यातल्या न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणारी पहिली फळी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या तळाला जातात. म्हणून तर अनेक केमो २१ दिवसांच्या अंतराने देतात, मगजाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. या दिवसांत जंतू शिरले तर पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही, कारण पू बनतो तोच मुळी या पेशींचा. मग उरते एकच खूण: ताप. कधी नुसती थंडी वाजते.

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दिसलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. ‘पॅरासिटामॉल देऊ, सकाळी बघू’ हे नेहमीच्या तापाला ठीक आहे. इथे गोळीने ताप झाकला जातो आणि जंतू रक्तात पसरत राहतात. काही तासांत बीपी कोसळू शकतो, माणूस दगावू शकतो. वेळेवर शिरेतून अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक जण यातून बाहेर येतात.

अडचण अशी की केमो होते परळला आणि दहाव्या दिवशी पेशंट असतो गावी. नंदुरबारहून मुंबई गाठायला रात्र जाते. तेव्हा मुंबईची वाट धरू नका. २४ तास चालणारं, शिरेतून औषध देणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे केमोच्या आधीच शोधून ठेवा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य: ‘यांची केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप आलाय.’ नुसतं ‘ताप आलाय’ म्हणालात तर रांगेत बसवतील. औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख आणि केमो झाली त्या हॉस्पिटलचा नंबर यांचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या. थर्मामीटर आजच आणा, कपाळावर हात ठेवून भागत नाही.

जाता जाता एक, कारण ऐकणारे बरेच जण विशी-तिशीतले आहात. काही केमोंमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवता येतात, पण ते पहिल्या केमोच्या आधी. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. लाजू नका.

पुढच्या भागात रेडिएशन. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा.