फाईलचं कुलूप बदलताना

आम्ही नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या गटात दहा जणी. कर्जाच्या कामासाठी दहाही जणींचं आधार, पासबुक अन् फोटो स्कॅन करून एकच पीडीएफ केली होती. पासवर्ड काय, तर गटाचं नाव अन् पुढं एक-दोन-तीन. सचिव बदलली, पेटीची चावी नवीकडे गेली, पासवर्ड मात्र तोच राहिला. एक दिवस झेरॉक्सला गेलो, तर दुकानातल्या पोरानं आम्हाला न विचारताच फाईल उघडली. त्याला पासवर्ड तोंडपाठ! पोरगा वाईट नाही, पण आमच्या पोटात गोळा आला.

आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजात शिकते. तिनं लॅपटॉपवर क्यूपीडीएफ नावाचं फुकटचं साधन घेतलं. पासवर्ड बदलून देणाऱ्या वेबसाइटी असतात, पण तिथं फाईल आधी त्यांच्याकडे चढवावी लागते. दहा जणींचं आधार परक्याच्या हाती कशाला द्यायचं? क्यूपीडीएफ आपल्याच लॅपटॉपवर चालतं, नेट बंद असलं तरी.

त्यात बटणं नाहीत. काळ्या खिडकीत आदेश टाईप करायचा. आधी क्यूपीडीएफ, मग जुना पासवर्ड, मग एन्क्रिप्ट हा शब्द, त्यापुढं नवे दोन पासवर्ड अन् २५६ हा आकडा. मग दोन आडव्या रेघा, जुन्या फाईलचं नाव, नव्या फाईलचं नाव. दोनातला पहिला पासवर्ड उघडायचा. दुसरा मालकाचा, म्हणजे छापण्यावर, नक्कल करण्यावर बंधन घालायचा. आम्ही पहिली जागा रिकामी ठेवली, वाटलं मालकाचा आहे तेवढा पुरे. फाईल सताड उघडी! दार नाही अन् कपाटाला कुलूप, तशातली गत. पुन्हा केलं, दोन्ही जागा भरल्या.

खरी गंमत पुढं. पासवर्ड बदलला तो नव्या फाईलचा. जुनी फाईल जुन्याच पासवर्डानं उघडत राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर, जुन्या सचिवाच्या मोबाईलात, दुकानाच्या संगणकात, सगळीकडे तीच पडलेली. मग आम्ही दोघी-दोघी फिरलो. दुकानदाराच्या समोर बसून फाईल पुसली, रिसायकल बिनही रिकामी करवली. कुठं राहून गेली असेल, तर ती आता आमच्या हातात नाही.

काळ्या खिडकीत वरचा बाण दाबला की मागचा आदेश पासवर्डासकट पुन्हा दिसतो, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर हे करू नका. आधार केंद्र सरकारच्या साइटवरून उतरवलं, तर त्याचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं अन् जन्मसाल असतो. गावात कोणीही ओळखेल. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधारही तिथंच मिळतं. जिथं चालतं, तिथं आम्ही आता तेच देतो.

नवा पासवर्ड विसरला तर फाईल उघडणं जवळपास अशक्यच. म्हणून तो कागदावर लिहून, पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवलाय. पेटीला दोन कुलपं, चाव्या दोघींकडे. पुढच्या वेळी सचिव बदलली, की पाकीटही त्याच दिवशी बदलायचं असं ठरावाच्या वहीत लिहून दहाही जणींनी सह्या केल्यात.