विमानाची देखभाल आणि आपली मुले



तोरण्यावरून विमान गेले की आपण मान वर करून पाहतो. पण त्यासाठी जमिनीवर राबणारा माणूस आपल्याला दिसत नाही. दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याखेरीज प्रवासी विमान उडत नाही. ती सही उद्या विंझरच्या मुलीची का नसावी?

वाटा दोन आहेत. बारावीला भौतिक, रसायन व गणित घेऊन डी.जी.सी.ए. म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत शिकावे, परीक्षा द्याव्यात, विमानावर प्रत्यक्ष काम करावे आणि परवाना मिळवावा. दुसरी वाट दहावीनंतरची : आय.टी.आय.त फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हावे आणि नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करावा.

म्हणून गणिताला भिऊन शाखा सोडू नका. इंग्रजी वाचा, विमानाची माहितीपुस्तके इंग्रजीतच असतात. पालकांनो, जमीन गहाण टाकून फी भरण्यापूर्वी संस्थेचे नाव महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहा. संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे.

इंजिनात विसरलेला एक पानाही घात करतो. तेव्हा चूक झाली तर लपवू नका, लगेच सांगा. ही सवय आजपासून लावा.