फॅक्सचा कागद कोणाच्या हाती?

पोस्टाने येणारं पत्र पाकिटात असतं. ज्याचं त्याने फोडायचं, हे लहान मुलालाही कळतं. फॅक्सला पाकीट नसतं. तो माणसाकडे येत नाही, यंत्राच्या नंबरावर येतो आणि ट्रेमध्ये उघडा पडून राहतो. चहा घेऊन आलेला पोरगाही तो वाचू शकतो.

मोबाइल आले, ईमेल आले, तरी काही दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत फॅक्स अजून चालू आहे. त्या कागदावर कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट असतो, कुणाच्या गर्भपाताची माहिती असते. तालुक्याच्या ठिकाणी नाव आणि गाव वाचलं की बाई ओळखू येते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईचा नवा पत्ता भलत्याच्या नजरेस पडला, तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

आम्ही सल्ला केंद्रात बसणाऱ्या बायका, म्हणून हे मनापासून सांगतो. यंत्र सांभाळणाऱ्या बाईच्या हातात पुष्कळ काही असतं.

पहिलं म्हणजे यंत्राची जागा. ते येण्याजाण्याच्या वाटेवर, बाकड्याशेजारी नको. आपल्या टेबलामागे ठेवावं.

दुसरं, पाठवणाऱ्याला सांगून ठेवावं, "आधी फोन करा, किती पानं आहेत ते सांगा." मग आपल्यापैकी एकीने यंत्राजवळ उभं राहावं, पानं मोजावीत आणि पाकिटात घालून ज्याची त्याच्या हाती द्यावीत. वहीत तारीख, वेळ, पानं आणि घेणाऱ्याची सही एवढंच लिहावं. आतला मजकूर लिहू नये.

तिसरं, बऱ्याच यंत्रांत आलेला फॅक्स मेमरीत थांबवून ठेवायची सोय असते. आकडी कोड दाबला तरच तो छापला जातो. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ही सोय चालू ठेवावी. मेमरी भरली तर पुढचे फॅक्स अडतात, म्हणून सकाळी आल्याबरोबर ती रिकामी करावी. आपल्याकडे वीज जातेच. तेव्हा मेमरीतलं टिकतं का, हे माहितीपुस्तिकेत बघून घ्यावं.

चौथी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शाईच्या फिल्मचा रोल लागणारी यंत्रं असतात. छापलेल्या प्रत्येक पानाचा ठसा त्या फिल्मवर उरतो आणि उजेडात धरला की वाचता येतो. संपलेला रोल तसाच कचऱ्यात टाकू नका, कात्रीने तुकडे करा. नको असलेले कागदही बारीक फाडा. रद्दीत गेलेला कागद भेळेच्या पुडीतून गावभर फिरतो!

चुकून दुसऱ्याचा फॅक्स आला तर पहिल्या पानावरचा नंबर बघून पाठवणाऱ्याला कळवावं. पुढची पानं वाचू नयेत.

यामागे कायदाही उभा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितलं, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांवर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे.

पण कायदा नंतर येतो. ट्रेमधला कागद उलटा करून ठेवणारा हात आधी लागतो. उद्या कामावर गेलात की आपलं यंत्र कुठे ठेवलंय, ते एकदा बघा.