आलेखाशी इमान

(माध्यमिक शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इंग्रजीच्या परीक्षेत ऊर्जा उत्पादनाच्या आलेखाचे वर्णन कसे करावे, हा प्रश्न इंग्रजीच्या अध्यापकांचा; त्यात माहिती अधिकाऱ्याने बोलण्यासारखे काय असणार? परंतु आकडे वाचणे आणि ते लोकांना समजतील अशा शब्दांत मांडणे, हेच ज्याचे नित्याचे काम, त्याला या प्रश्नात आपल्याच व्यवसायाची कसोटी दिसते. म्हणून हे आमंत्रण मी आनंदाने स्वीकारले.

परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून ती या नावाने घेतली जाते. उच्च शिक्षणासाठी असलेल्या तिच्या प्रकारात लेखनाला एक तास मिळतो. त्यातील पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता किंवा आकृती देऊन किमान १५० शब्दांत तिचे वर्णन करावयास सांगतात. त्यासाठी वीस मिनिटे पुरतात, असे मानले जाते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या बळावर परदेशी जाण्याचे स्वप्न पाहणारा मागासवर्गीय विद्यार्थी असो, की शेत गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी असो, त्यांची वाट या वीस मिनिटांतूनही जाते. गुण थोडे कमी पडले तर पुन्हा शुल्क भरावे लागते आणि कित्येकदा वर्षही वाया जाते. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, ‘इंग्रजी कच्चे पडले.’ माझा अनुभव असा, की पुष्कळदा इंग्रजीपेक्षा आलेखाचे वाचन कच्चे असते.

सरावासाठी वर्षानुवर्षे वापरला जाणारा एक प्रश्न उदाहरणादाखल घेऊ. त्यात फ्रान्सच्या ऊर्जा उत्पादनाचे १९९५ आणि २००५ या सालांचे दोन वृत्तालेख दिले आहेत. पहिल्यात कोळसा २९.८० टक्के, वायू २९.६३, खनिज तेल २९.२७, अणुऊर्जा ६.४० आणि इतर साधने ४.९० टक्के, दुसऱ्यात हेच हिस्से अनुक्रमे ३०.९३, ३०.३१, १९.५५, १०.१० आणि ९.१० टक्के असे आहेत.

सामान्य विद्यार्थी काय करतो? दहाही आकडे एकापुढे एक लिहून काढतो. वाक्ये व्याकरणशुद्ध असतात, पण वाचणाऱ्याच्या मनात चित्र उभे राहत नाही. परीक्षकाला आकड्यांची यादी नको असते. ती त्याच्यापुढे छापलेलीच असते. त्याला हवी असते निवड आणि तुलना. दोन्ही आलेख हातभर दूर धरून पाहिले तर काय दिसते? १९९५ मध्ये तीन इंधने जवळजवळ समान होती, प्रत्येकी तिसाच्या किंचित खाली. तिघे मिळून उत्पादनाचा सुमारे नऊ दशांश भाग व्यापत होती. दहा वर्षांनी हा भाग सुमारे चार पंचमांशावर आला. कोळसा आणि वायू जागच्या जागी राहिले, तेलाचा हिस्सा सुमारे एक तृतीयांशाने घटला, आणि ती जागा मुख्यतः अणुऊर्जेने व इतर साधनांनी घेतली. हेच उत्तराचे सार होय. ते एकदोन वाक्यांत स्वतंत्रपणे आले पाहिजे. ते नसेल तर उरलेली भाषा कितीही चांगली असली तरी गुण खाली येतात. सार मांडल्यावर त्याला आधार देण्यापुरते आकडे द्यावेत.

येथे आपल्या मुलांची एक ठरलेली चूक सांगतो. अणुऊर्जेचा हिस्सा ३.७० ने वाढला आणि तो १०.१० वर गेला. मराठीत ‘ने’ आणि ‘वर’ यांत कोणीही गल्लत करीत नाही. इंग्रजीत मात्र ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल होते, आणि एका शब्दाने सारा अर्थ बदलतो. ‘भाव दहा रुपयांनी वाढला’ आणि ‘भाव दहा रुपयांवर गेला’ ही बाजारातली दोन वाक्ये फळ्यावर लिहून इंग्रजी शिकवा. हा भेद पुन्हा शिकवावा लागणार नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. ‘फ्रान्समध्ये तेलाचे उत्पादन घटले’ असे विद्यार्थी सर्रास लिहितात. वृत्तालेख तसे सांगत नाही. तो सांगतो की तेलाचा हिस्सा घटला. समजा, १९९५ मध्ये एकूण उत्पादन १०० होते आणि २००५ मध्ये ते १५० झाले. तर १५० चे १९.५५ टक्के म्हणजे सुमारे २९.३, म्हणजे तेल जेथे होते तेथेच राहिले, केवळ इतर साधने वाढली! एकूण किती, हे ज्या आलेखात दिलेले नाही, त्यावरून प्रमाणाविषयी बोलावे, परिमाणाविषयी नव्हे. दहावीच्या बीजगणितात मुले वृत्तालेख काढावयास शिकतात, ३६० अंशांचे भाग अचूक पाडतात. पण पूर्ण वर्तुळ स्वतःच लहानमोठे होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तिसरा मोह हुशार विद्यार्थ्यांना होतो. तो कारणे देण्याचा. ‘पर्यावरणाच्या जाणिवेमुळे अणुऊर्जा वाढली’ असे वाक्य त्यांना भारदस्त वाटते. आलेखात कारण नाही, म्हणून उत्तरातही ते नको. मत विचारणारा, २५० शब्दांचा दुसरा प्रश्न वेगळा असतो. आपले विचार तेथे मांडावेत.

आता एक गोष्ट आपणांस सांगितलीच पाहिजे. या प्रश्नातले आकडे फ्रान्सच्या वस्तुस्थितीशी जुळत नाहीत. १९७३ च्या तेल संकटानंतर, १९७४ मध्ये पंतप्रधान प्येर मेस्मेर यांच्या सरकारने अणुविद्युत केंद्रांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे १९९५ मध्ये आणि २००५ मध्येही त्या देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज अणुऊर्जेपासूनच मिळत होती. लोरेन प्रांतातील ला हूव ही तेथील अखेरची कोळसा खाण तर एप्रिल २००४ मध्येच बंद झाली. आणि आपला आलेख २००५ मध्ये कोळशाला जवळजवळ ३१ टक्के देतो! सरावापुरते कोणीतरी बेतलेले हे आकडे आहेत.

मग जाणत्या विद्यार्थ्याने काय करावे? परीक्षेत तो वाद काढू नये. तेथे कसोटी भाषेची आणि वाचनाची आहे. जे दाखविले आहे तेच नेमके सांगणे हे त्याचे काम. परंतु परीक्षागृहाबाहेर पडताच दुसरे कर्तव्य सुरू होते: हे आकडे कोठून आले, कोणी मोजले, आणि जे मोजले ते काय, असे विचारण्याचे. शिक्षकाने या दोन्ही सवयी लावाव्यात. पहिली नसेल तर मुलगा परीक्षेत अडखळेल; दुसरी नसेल तर तो आयुष्यभर फसेल.

हे केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरते नाही. येथे काही पंचायत सदस्य उपस्थित आहेत, त्यांच्यासाठी एक कल्पित उदाहरण देतो. समजा, एका ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी १० लाखांच्या खर्चापैकी २० टक्के शाळेवर खर्च केले आणि यंदा १६ लाखांपैकी १५ टक्के. ग्रामसभेत कोणी दोन वर्तुळे दाखवून म्हणेल, ‘शाळेचे पैसे कापले.’ वस्तुतः शाळेला गेल्या वर्षी २ लाख मिळाले होते, यंदा २ लाख ४० हजार मिळाले. उलट, सरपंच केवळ रक्कम सांगून हिस्सा घटल्याचे झाकूनही ठेवू शकेल. दोन्ही विधाने खरी, दोन्ही अपुरी. मी स्वतः नोकरीच्या आरंभी एका प्रसिद्धिपत्रकात ‘हिस्सा वाढला’ याऐवजी ‘उत्पादन वाढले’ असे लिहून बसलो होतो. एका वृद्ध वाचकाने पोस्टकार्ड पाठवून ती चूक दाखवून दिली. त्या दोन ओळींच्या पोस्टकार्डाने मला जे शिकविले, ते पदवीच्या वर्गात कोणी शिकविले नव्हते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांपुढे एखादा आलेख ठेवावा. प्रथम त्यांनी मराठीत तीन वाक्ये बोलावीत: काय दिसते, सर्वांत मोठा बदल कोणता, आणि हा आलेख काय सांगत नाही. त्यानंतर तीच वाक्ये इंग्रजीत लिहावीत. मात्र तिसरे वाक्य वहीत ठेवावे, परीक्षेच्या उत्तरात लिहू नये. जे मायबोलीत स्वच्छ दिसले, ते परभाषेत सांगणे फारसे अवघड जात नाही.